‘शेतीसाठी योग्य’

परवा सकाळी साडेसातला दारात एक पोरगा उभा. पंचविशीतला असेल. हातात पिशवी, पिशवीत घडी घातलेला एक कागद आणि कोथिंबिरीच्या दोन पेंढ्या. "साहेब, वळखलासा काय?" नाही ओळखलं. मग त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. मी आत ये म्हणालो खरं, पण माझा आवाज जरा पडलाच.

त्याच्या वडिलांचा फोटो मी छापला होता.

पंधरा-एक वर्षं झाली त्याला. तेव्हा मी एका दैनिकाला वार्ताहर होतो, अंगात रग होती. नदीकाठच्या एका गावात (नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारूही नका) नाला जिथं नदीला मिळतो तिथं इंजिन लावून एक माणूस पालक-मेथीला पाणी पाजत होता. पाणी काळं, वर फेस, वास असा की रुमाल लावूनच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी. हेडिंग डेस्कनं दिलं होतं, पण मला ते आवडलं होतं हे कबूल करतो: ‘गटाराच्या पाण्यावर पोसलेली भाजी तुमच्या ताटात!’ दिवसभर फोन वाजत होता. तिसऱ्या दिवशी अधिकारी फौजफाटा घेऊन गेले, पाईप तोडला, इंजिन उचललं आणि उभ्या भाजीवर ट्रॅक्टर फिरवला. आम्ही ‘बातमीचा दणका’ म्हणून तेही छापलं.

पुढं काय झालं ते छापलं नाही, कारण मी बघायलाच गेलो नव्हतो. नाला तसाच वाहत राहिला. मंडईत त्या गावच्या बायकांच्या बुट्ट्यांतली भाजी महिनाभर कुणी घेईना. त्यात विहिरीवर भाजी करणाऱ्याही होत्या. तो माणूस पुढच्या वर्षीपासून औद्योगिक वसाहतीत हमालीला लागला. हे सगळं मला परवा कळलं, त्याच्या पोराकडून, चहा पिता पिता. तो भांडायला आला नव्हता. उलट मलाच अवघडल्यासारखं झालंय हे बघून म्हणाला, "जाऊ द्या वो साहेब, झालं ते झालं."

तो आला होता कागद दाखवायला. आता तो स्वतः दहा गुंठे भाजी करतो, बाकी ऊस. पाणी नदीचंच, पण उपशाची रीतसर परवानगी, पाणीपट्टीच्या पावत्या फाईलला. गेल्या महिन्यात त्यानं स्वतःच्या खिशातले पैसे घालून पाणी तपासून घेतलं. "बगा. आता तरी लिवा, आमचं पाणी चांगलं हाय म्हणून."

कागद मी दोनदा वाचला. सामू, विद्युत वाहकता, क्लोराईड, बायकार्बोनेट, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, शेवटी एसएआर. प्रत्येकापुढं आकडा. खाली शिक्का आणि एक ओळ: पाणी शेतीसाठी योग्य.

एकही आकडा खोटा नसावा. तपासणाऱ्यानं काम चोख केलंय. पण त्या कागदावर जे शोधायला मी डोळे फिरवत होतो ते कुठंच नव्हतं. त्या पाण्यात माणसांच्या विष्ठेतले जंतू किती? तो रकानाच नव्हता.

मला वाटलं, स्वस्तातली तपासणी असेल म्हणून नसेल. म्हणून दुपारी नियम काढून बसलो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाणी कशासाठी वापरायचं त्यावरून पाच वर्ग पाडलेत, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे नुसते जंतू मारून पिता येईल असं पाणी. १०० मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म ५० च्या आत पाहिजेत. बी म्हणजे उघड्यावर आंघोळीचं. तिथं मर्यादा ५००. सी म्हणजे नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिण्याचं, ५०००. डी मासे आणि वन्यजीवांसाठी. आणि ई म्हणजे शेती. ई साठी काय बघायचं? सामू ६ ते ८.५, वाहकता २२५० पर्यंत, एसएआर २६ पर्यंत, बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत. बस्स. कोलिफॉर्मचं नाव नाही.

म्हणजे बघा, पंचगंगा घाटावर तुम्ही डुबकी मारणार असाल तर त्या पाण्यात जंतू किती चालतील याला मर्यादा आहे. त्याच पाण्यावर वाढलेली मेथी झुणका-भाकरीबरोबर कच्ची खाणार असाल तर नाही.

सुरुवातीला मला राग आला. मग लक्षात आलं की हा नियम मूर्खपणानं केलेला नाही. तो पिकाची आणि जमिनीची काळजी करतो. पाण्यात क्षार किती, जमीन खारवट होईल का, मुळांना बोरॉन बाधेल का, हेच त्यात बघितलंय. आपल्याकडं नदीतून उचललेलं बहुतेक पाणी उसाला जातं. ऊस कारखान्यात जातो, रस उकळतो, साखर होते. त्या वाटेवर जंतू राहतच नाहीत. उसापुरता हा कागद अगदी बरोबर आहे. पण उसाच्या फडाशेजारी जे दोन गुंठे कोथिंबीर असते, तिलाही तोच कागद लागू होतो. उसाला पाजायचं पाणी आणि कोथिंबिरीला पाजायचं पाणी सरकारी दप्तरात एकच.

आणि कोथिंबीर हे सगळ्यात अवघड पीक आहे. जमिनीलगत वाढते, वाफ्यात पाट सोडून भिजवतात, पानं बारीक आणि चिरलेली, चिखल अडकतो तो निघत नाही. वर आपण खातो कशी? मिसळ उकळून उकळून लाल तर्री आणतो, तांबडा रस्सा तास-तासभर रटरटत ठेवतो, आणि सगळं शिजून झाल्यावर गॅस बंद करून वरून कोथिंबीर टाकतो. भेळेवर, पोह्यांवर, आमटीवर. भांड्यातलं सगळं निर्जंतुक आणि वर हिरवी सही.

कुणी म्हणेल, जगात तरी कुणी जंतूंची मर्यादा घालून दिलीय का. दिलीय. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ साली सांगितलं होतं की सांडपाणी शेतीला वापरायचं आणि पीक कच्चं खायचं असेल तर १०० मिलिलिटरला विष्ठेतले कोलिफॉर्म १००० पेक्षा जास्त नकोत, आणि लिटरमागं जंताचं एकापेक्षा जास्त अंडं नको. आपल्याकडंही २०१७ साली सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी जी अधिसूचना निघाली तिच्यात हाच हजाराचा आकडा आहे. म्हणजे आकडा आपल्या सरकारला माहीत आहे. तो प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी लावलाय, शेतकऱ्याच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हशी कुणी लावलेला नाही. प्रदूषण मंडळ नदीवर ठरलेल्या ठिकाणी विष्ठेतले जंतू मोजतं सुद्धा. पण शेतीची मर्यादाच नसेल तर ते मोजमाप लावायचं कशाला?

पोराला मी म्हणालो, चल, जंतूंचीही तपासणी करून टाकू. आदल्या महिन्यात त्यानं पाणी नेलं होतं ते कोल्ड्रिंकच्या बाटलीतून. जंतूंसाठी ते चालत नाही. निर्जंतुक बाटली लागते, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो. ते सगळं केलं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, पाणी कशाचं? शेतीचं म्हटल्यावर तो थांबला. "शेतीचं आमच्याकडं नाही. पिण्याचं लिहू?" लिहा म्हटलं. चार दिवसांनी कागद आला: पिण्यास अयोग्य.

हे तर नदीकाठच्या म्हशीनंही सांगितलं असतं. आता त्याच्याकडं एकाच पाण्याचे दोन कागद आहेत. एक म्हणतो योग्य, दुसरा म्हणतो अयोग्य. दोन्ही खरे. कोथिंबिरीचं विचारलं तर दोन्ही गप्प.

आता जरा आपल्याकडं बघू, शहराकडं. जयंती ही एकेकाळची नदीच, आज आपण सगळेच तिला नाला म्हणतो. जयंती आणि दुधाळी हे शहराचं सांडपाणी वाहणारे मोठे नाले. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करायची क्षमता असलेलं केंद्र आहे, दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचं. केंद्रं आहेत म्हणजे काम झालं असं नाही. नाल्याचं पाणी पंपानं उचलून तिथं न्यावं लागतं. वीज गेली, पंप बिघडला, पावसाचा लोंढा आला, की नाला बांध ओलांडून सरळ नदीत. वर आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. ज्यांचं नाव देशभर झालं, जे आपल्या अभिमानाचे. पाऊस संपला की बरगे घालतात आणि नदी वाहायची थांबते, तळ्यांची माळ होते. राजाराम बंधारा, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड. वरच्या तळ्यात आलेली घाण खालच्या तळ्यात मुरत जाते. तेरवाडला मेलेल्या माशांचा खच मी किती वेळा कव्हर केलाय ते मोजायचं सोडून दिलं. मासे मेले की बातमी होते. जंतूंनी मासे मरत नाहीत, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

पिण्याच्या पाण्याचं आपण काय केलं? आधीपासूनच शहराच्या वरच्या अंगाला, बालिंगा-शिंगणापूरला पाणी उचलत होतो. तेही नको झालं म्हणून काळम्मावाडीची थेट पाईपलाईन केली, २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आलं, आपण अभ्यंगस्नानं केली. इचलकरंजीनं तर २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ भोगली. हजारो माणसं आजारी पडली, जीव गेले. ते शहर कृष्णेवर मजरेवाडीला आधीच गेलं होतं, आता दूधगंगेला सुळकूडला जाऊ म्हणतंय आणि त्यावरून तालुक्या-तालुक्यात भांडण लागलंय. प्रत्येकजण नदीपासून वर-वर पळतोय. पण भाजी खालूनच येते. पंचगंगेच्या काठानं नरसोबावाडीपर्यंत सगळा भाजीचा मुलूख आहे. नळ बदलला म्हणून नदी घरात यायची थांबत नाही.

चिलीची राजधानी सांतियागो. तिथं ऐंशीच्या दशकात बहुतेक घरांत शुद्ध केलेलं नळाचं पाणी होतं, गटारं होती, तरी दर उन्हाळ्यात विषमज्वराचे रुग्ण. डॉक्टर चक्रावलेले. शहराचं न शुद्ध केलेलं सांडपाणी नदी-नाल्यात जात होतं आणि त्याच्यावर कच्ची खायची भाजी पिकत होती. १९९१ साली शेजारी पेरूत कॉलरा आला, सरकार घाबरलं आणि तसल्या पाण्यावर भाजी करायला कडक बंदी घातली. कॉलरा फार पसरला नाही, आणि विषमज्वर जो खाली आला तो आलाच.

म्हणजे बंदी घाला, ट्रॅक्टर फिरवा? पंधरा वर्षांपूर्वी मी हेच म्हणालो असतो. आज दुसरी एक गोष्टही आठवते. २०११ साली जर्मनीत विषारी ई-कोलायची साथ आली, पन्नासहून जास्त माणसं दगावली. पहिल्याच आठवड्यात बोट दाखवलं गेलं स्पेनच्या काकडीवर. काकड्यांचे ढीग फेकून दिले, शेतकरी बुडाले. नंतर निघालं काय, तर मोड आणलेली मेथी. काकडीचा संबंधच नव्हता. हे वाचताना मला आमच्या मंडईतल्या त्या विहिरीवाल्या बायका दिसतात.

नाल्यावर इंजिन लावणाऱ्याला आपण काय समजतो? त्याला वास येत नाही? परवाचा पोरगा सांगत होता, वडील संध्याकाळी हात साबणानं तीन-तीनदा धुवायचे, तरी आई त्यांना चुलीजवळ येऊ द्यायची नाही. घाण पाण्यात पहिला उभा राहतो तो शेतकरीच. आणि ते पाणी फुकटचं खतही असतं हे कोणताही शेतकरी सांगेल, युरिया कमी लागतो. पुण्यात तर सरकारनंच मुंढव्याला जॅकवेल बांधून शहराचं सांडपाणी बेबी कालव्यातून हवेली-दौंडच्या शेतीला दिलंय. सांडपाण्यावर शेती होणारच आहे, पाणी तेवढंच आहे आणि शहरं वाढतायत. ते कसल्या स्थितीत शेतात पोचतं एवढंच आपल्या हातात आहे.

इथं मला जागतिक आरोग्य संघटनेचाच २००६ चा हिशेब उपयोगी वाटला. त्यांनी नुसता पाण्याचा आकडा धरून बसायचं सोडलं आणि वाटेत कुठं कुठं जंतू कमी करता येतात ते मांडलं. सोप्या भाषेत, शून्यं उडवायची. समजा पेंढीवर लाखभर जंतू आहेत (समजा म्हणतोय, मोजलेले नाहीत). स्वच्छ पाण्यात नीट धुतली की एक शून्य उडतं, दहा हजार राहिले. जंतुनाशक घातलेल्या पाण्यात ठेवून मग धुतली तर दोन. साल काढायची भाजी असेल तर साल काढून दोन. शिजवली तर सहा-सात, म्हणजे संपलाच विषय. ठिबकवर केली तर जमिनीलगतच्या पिकाला दोन, वेलावर-काठीवर वाढणाऱ्याला चार. (ठिबकची नळी असल्या पाण्यानं आठवड्यात तुंबते हे कागदावर नाही, पोरगं म्हणालं.) आणि सगळ्यात स्वस्त उपाय: घाण पाणी काढणीच्या काही दिवस आधी बंद करायचं. ऊन-वारा लागून दिवसाला अर्ध्यापासून दोन शून्यांपर्यंत जंतू आपोआप मरतात.

आणि नेमकं हेच आपण होऊ देत नाही. कोथिंबिरीला आदल्या संध्याकाळी पाणी देतात, पहाटे उपटतात, ओढ्यात नाहीतर पाटात बुचकळून माती काढतात आणि पेंढ्या बांधून सौद्याला आणतात. का? कारण मंडईत आपण देठ मोडून बघतो. कटकन मोडला तर ताजी. चार दिवस पाणी न दिलेली पेंढी मान टाकते, तिला कोण घेणार? आपणच लावलेली सवय.

या पोराची एक जुनी विहीर आहे, नदीपासून लांब, गावाच्या वरच्या अंगाला. ऊस भिजण्याइतकं पाणी नाही तिच्यात, पण दोन गुंठ्याचा वाफा सहज भिजतो. मी म्हटलं, विहिरीचं पाणी तपासून घे. बरं निघालं तर शेवटची दोन-तीन पाणी त्याचीच दे, आणि पेंढ्या धुवायच्या त्याही तिथल्याच पाण्यात. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "करतो की. पर मोटर दोन, पायपा दोन, लाईट बिल दोन. पेंढीमागं दोन रुपयं जास्त कोण देणार? अडत्या इचारतोय व्हय, कुठल्या पाण्याची म्हणून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

या शून्यांच्या हिशेबात एक मोठं भोक आहे, तेही सांगून टाकतो. जंतू मरतात. कारखान्यांच्या सांडपाण्यातून आलेले जड धातू मरत नाहीत. ते पानाच्या आत जातात, धुऊन निघत नाहीत, शिजवून जात नाहीत, आणि पालेभाज्या ते फळभाज्यांपेक्षा जास्त ओढून घेतात. त्याला एकच उपाय, ते पाणी नदीत येऊच न देणं. इथं शेतकऱ्यानं आणि गृहिणीनं करण्यासारखं काही नाही, जे करायचं ते कारखान्यांनी आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांनी.

आमच्या घरात काय बदललं? आई म्हणते जन्मभर खाल्लं, काय झालं नाही. खरं आहे, पण तिच्या जन्मातली निम्मी वर्षं नदी वेगळी होती. आता पालेभाजी पसरट पातेल्यात बुडवून, पाणी बदलून तीनदा धुतो. कच्ची मेथी पावसाळ्यात बंद. कोथिंबीर गॅस बंद करायच्या आधी टाकतो. चव थोडी जाते. आई रोज बोलून दाखवते.

पेंढ्यांचे पैसे पोरानं घेतले नाहीत. जाताना मी विचारलं, वडील काय म्हणाले, माझ्याकडं यायचं म्हटल्यावर? "म्हणालं, जा. पर रानाकडं न्हिऊ नको त्येस्नी."

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, सोमवारी पोच मिळाली. तीन गोष्टी विचारल्यात. पंचगंगेवर उपशाची परवानगी देताना पाण्यातले जंतू बघितले जातात का. गेल्या पाच वर्षांत बाजारात येणाऱ्या पालेभाजीचे किती नमुने जंतूंसाठी तपासले. आणि शहराचे नाले नदीत किती दिवस थेट वाहिले. तीस दिवसांची मुदत आहे. जे येईल ते इथंच टाकतो, नाही आलं तर अपिलाचा नंबर टाकतो. इतर काठच्या गावांतून कुणाला असाच अर्ज करायचा असेल तर नमुना मेसेजवर पाठवतो.

त्या पोराचा किंवा त्याच्या रानाचा फोटो मात्र मागू नका.